घरच्या मिलिंग मशीनसाठी स्पिंडल: कोणती बेअरिंग घ्यायची, हा प्रश्न दुसरा

तुम्ही लिहिलंत त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते कळेल. घरी चार फुटी लेथ आहे. छोटं व्हर्टिकल मिलिंग स्वतः बांधताय, कॉलम आणि टेबल उभं राहिलंय. एक एचपीची १४४० आरपीएमची थ्री-फेज मोटर आणि घरच्या सिंगल-फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर) हाताशी आहे. कामं एमएस (माइल्ड स्टील) आणि ॲल्युमिनियमची, कटर बहुतेक १० ते १२ मिमी, क्वचित १६. स्पिंडलच्या, म्हणजे कटर धरून फिरवणाऱ्या शाफ्टच्या, तोंडाशी ईआर-३२ कॉलेट (कटरची दांडी, म्हणजे शँक, आवळून धरणारी चिरलेली बाही) हवाय. आणि प्रश्न असा, की ७००५ पी-४ ची महागडी जोडी घ्यावी (अँग्युलर कॉन्टॅक्ट, म्हणजे तिरका दाब घेणारी बॉल बेअरिंग, अचूकतेच्या वरच्या वर्गातली), टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) चालतील, की साध्या ६२०५ बॉल बेअरिंगवर भागेल.

एका ओळीत सांगायचं तर टेपर रोलर घ्या, आणि २५ नव्हे, ३५ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) घ्या. पण एवढं वाचून दुकानात जाऊ नका. स्पिंडल दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात त्यात घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बनवलेलेही असतात, आणि त्यांत बेअरिंगची जात चुकली म्हणून बिघडलेला क्वचितच सापडतो. बिघाड असतो तो बेअरिंग जिथे बसते तिथे. सीट (बेअरिंग बसण्याच्या जागा) एकमेकांशी एका अक्षावर नाहीत, शोल्डरचा (रिंग टेकते त्या पायरीचा) चेहरा काटकोनात नाही, नट तिरका दाबतोय. हे बाजारात विकत मिळत नाही, ते तुम्हालाच करायचंय.

आकडेच बघा ना. १८ ते ३० मिमी बोअरच्या साध्या, म्हणजे नॉर्मल क्लासच्या बॉल बेअरिंगच्या आतल्या रिंगला १३ मायक्रॉन रनआउट (फिरताना अक्षाबाहेर होणारी हालचाल) चालतो. पी-५ ला ४, पी-४ ला ३. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून तुम्ही कमावता सुमारे १० मायक्रॉन. आणि शाफ्टची सीट चकमध्ये उलटून-पालटून दोन सेटिंगमध्ये टर्न केली, तर दोन सीटमध्ये २० ते ३० मायक्रॉनचा फरक सहज राहतो. शिवाय प्रिसिजन बेअरिंगच्या रिंगा पातळ असतात. शाफ्ट जरा लंबगोल असला की रिंगही तोच आकार घेते. तशा शाफ्टवर पी-४ चढवून तिचा पी-४ पणा राहत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट: आरपीएम. १० मिमीचा हायस्पीड स्टीलचा कटर एमएसमध्ये मिनिटाला २५ मीटरने चालवायचा तर ८०० आरपीएम लागतात. तोच कार्बाइडचा, ९० मीटरने, तर २८५० च्या आसपास. ॲल्युमिनियममध्ये ६ मिमी कार्बाइडला २०० मीटर द्यायचे म्हटलं तर १०,६०० आरपीएम. एका घरगुती स्पिंडलमध्ये ८०० आणि १०,६०० ही दोन्ही टोकं नीट सांभाळणं अवघड आहे, तेव्हा एक निवडा. तुमच्या यादीत एमएस आधी आहे म्हणून मी सतत चालवायला ३००० आणि वेळप्रसंगी ४००० धरतो. ४००० वर ६ मिमीच्या कटरला ७५ मीटर मिळतात. ॲल्युमिनियम त्यावरही छान निघतं, फक्त वेळ जास्त लागतो.

ज्याला मुख्यतः ॲल्युमिनियम आणि लाकूड करायचंय त्याने स्पिंडल बनवूच नये, असं माझं सरळ मत आहे. २.२ किलोवॅटचे, २४,००० आरपीएमचे, पाण्याने थंड होणारे चिनी स्पिंडल तयार मिळतात आणि त्या कामाला ते पुरेसे आहेत. मात्र त्यांच्या किलोवॅटला भुलून ते एमएससाठी घेऊ नका. २.२ किलोवॅट २४,००० वर म्हणजे टॉर्क जेमतेम ०.९ न्यूटन-मीटर, आणि ३००० वर आणला तरी टॉर्क तेवढाच, म्हणजे ताकद पाव किलोवॅटच्या आसपास उरते. तुमची एक एचपीची मोटर १४४० ला ५ न्यूटन-मीटर देते आणि बेल्टने निम्म्यावर उतरवली की १०. स्टीलमध्ये १६ चा कटर फिरवायला हे लागतं.

तोंड कोणतं ठेवायचं यावर फार शब्द घालवत नाही. आयएसओ-३० चा टेपर उत्तम, पण मोठ्या टोकाला ३१.७५ मिमी व्यास, त्यामुळे पुढचं बेअरिंग ४५-५० बोअरचं लागतं आणि ड्रॉबारची (टूल मागून ओढून धरणाऱ्या लांब बोल्टची) भानगड येते. एमटी-३ (मोर्स टेपर) स्वतःच घट्ट बसतो, मिलिंगमध्ये ड्रॉबारशिवाय वापरू नये, आणि ड्रॉबार लावला की सोडवताना दर वेळी हातोडा. स्पिंडलमध्येच कोरलेलं ईआर-३२ चं तोंड तुमच्यासाठी बरोबर आहे: लांबी कमी, भाग कमी. तोटा एक, टूल बदललं की झेडची उंची पुन्हा घ्यावी लागते.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही सरळ शँकच्या कॉलेट चकची युक्ती विचारलीय. २५ मिमी शँकचा, तयार ग्राइंड केलेला ईआर-३२ चक आणायचा आणि त्यालाच शाफ्ट मानून त्यावर बेअरिंग चढवायची. पुष्कळ जण करतात, आणि हलक्या कामाला चालतं. पण शँक हार्ड असते, तिच्यावर लॉकनटचे आटे पाडणं साध्या टूलला जमत नाही. शिवाय २५ मिमी हा व्यासच अपुरा आहे. शाफ्टचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: २५ चे ३५ केले की जवळपास पावणेचार पट. आतलं २०.५ चं भोक वजा धरलं तरी भरीव २५ पेक्षा तिपटीहून जास्त उरतो.

आणि इथेच ७००५ चा प्रश्नही निकालात निघतो, पी-४ असो वा पी-० (नॉर्मल क्लास). ईआर-३२ मध्ये २० मिमीपर्यंतची शँक बसते. ती आत जायला भोक २०.५ हवं. २५ च्या शाफ्टमध्ये २०.५ चं भोक म्हणजे भिंत सव्वादोन मिमी. तसं नको असेल तर सगळं कॉलेट बेअरिंगच्या पुढे काढावं लागेल, म्हणजे ओव्हरहँग (पुढच्या बेअरिंगच्या पुढे आलेली लांबी) ३५-४० मिमीने वाढला. ओव्हरहँगचा हिशेब तिसऱ्या घाताने असतो, दुप्पट लांबीला आठपट वाकणं. म्हणून ३५ चा शाफ्ट.

६२०५ किंवा ६००७ बद्दल. साधं डीप ग्रूव्ह बेअरिंग अगदीच टाकाऊ नाही. त्यात मुळात रेडियल ढिलेपणा असतो, सी-३ घेतलं तर आणखी जास्त. वॉशर-स्प्रिंगने अक्षाच्या दिशेने सतत दाब ठेवला की तो ढिलेपणा निघून जातो आणि छोट्या एनग्रेव्हिंगला, पीसीबीला तसा स्पिंडल वर्षानुवर्षं चालतो. पण मिलिंगचा कटर जॉबला वर-खाली ओढतो. एंडमिलचा हेलिक्स (दातांचा पीळ) टूलला खाली खेचतो आणि स्प्रिंगचा दाब कमी पडला की स्पिंडल उचलला-बसला करतो. एमएसमध्ये १२ चा कटर खोल घातलात की ते पृष्ठभागावर दिसतं.

अँग्युलर कॉन्टॅक्ट हवंच असेल तर बोअर ३५ चाच, म्हणजे ७००७. आणि घेताना शेवटचं अक्षर वाचा. दुकानात सहज मिळतं ते ७२ सीरिजचं बी, त्यात कोन ४० अंश, पंप-कॉम्प्रेसरसाठी. स्पिंडलला १५ अंशाचं सी किंवा २५ अंशाचं एसी लागतं, आणि मॅच केलेली जोडी लागते. दोन सुटी बेअरिंग पाठीला पाठ लावून बसवली म्हणजे जोडी झाली असं नाही. त्यांच्या चेहऱ्यांची उंची दाबाखाली जुळवून ग्राइंड केलेली नसेल तर प्रिलोड (ढिलेपणा घालवायला आधीच दिलेला दाब) शून्य येईल किंवा बेअरिंग आवळून जाईल. बाजारात नकली माल इतका आहे की फारच स्वस्त पी-४ जोडी दिसली तर खोक्यावर जाऊ नका, अधिकृत डीलरकडूनच घ्या.

तर टेपर रोलर. ३२००७: बोअर ३५, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १८. पुढे एक, मागेही तेच. मागे ३२००६ पुरलं असतं, मग दोन्हीकडे ३२००७ का? कारण हाउसिंग. पुढे ६२ आणि मागे ५५ अशा दोन मापांच्या सीट आल्या की हाउसिंग दोन्ही बाजूंनी, दोन सेटिंगमध्ये बोअर करावी लागते, आणि घरच्या लेथवर दोन सेटिंगमध्ये अक्ष जुळवणं हीच तर अडचण आहे. दोन्हीकडे ६२ घेतलं की आरपार एकच सरळ बोअर, एका सेटिंगमध्ये, आणि बाहेरच्या दोन रिंगांच्या मध्ये एक स्लीव्ह घालायची. एका बेअरिंगमागे थोडे पैसे जास्त गेले तरी या सोयीपुढे ते काहीच नाहीत.

मांडणी पाठीला पाठ, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या हबमध्ये असते तशीच. बाहेरच्या रिंगा मधल्या स्लीव्हवर टेकतात, पुढची आतली रिंग स्पिंडलच्या शोल्डरवर, आणि मागचा लॉकनट मागच्या आतल्या रिंगला पुढे दाबतो. या मांडणीत दाबरेषा बाहेरच्या बाजूला पसरतात, त्यामुळे दोन बेअरिंगमधलं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त असल्यासारखं वागतं. दुसरा फायदा उष्णतेचा: शाफ्ट तापून फुगला की प्रिलोड वाढतो, पण तो लांबही होतो आणि लांबीने प्रिलोड कमी होतो. दोन्ही काही अंशी एकमेकांना खातात. उलटी मांडणी केली तर दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात आणि स्पिंडल तापत-तापत जाम होतो. दोन बेअरिंगमधलं अंतर १२० मिमी धरा, ओव्हरहँग ४० च्या आत.

हाउसिंग बिडाची करा. एफजी-२६० (बिडाचा एक दर्जा) चा दांडा मिळाला तर उत्तम. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात असाल तर एखाद्या फाउंड्रीतून साधा लाकडी पॅटर्न देऊन ओतूनही मिळेल. नाहीतर जाड सीमलेस पाइप चालतो. ॲल्युमिनियमचा ठोकळा मात्र टाळा, तुमच्याकडे पडलेला असला तरी. बेअरिंग २५ अंशांनी तापलं की ६२ च्या बोअरमध्ये ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या प्रसरणातला फरक सुमारे १८ मायक्रॉन होतो. थंड असताना अंगठ्याने दाबून बसलेली रिंग अर्ध्या तासाने सैल होऊन फिरायला लागते.

बोअर करण्याची पद्धत. आधी हाउसिंगचा कॉलमला बसणारा चेहरा पक्का सपाट करून घ्या, ग्राइंड किंवा स्क्रेप. मग हाउसिंग लेथच्या क्रॉस स्लाइडवर त्या चेहऱ्यावर आवळा आणि बोअरिंग बार दोन सेंटरमध्ये धरून फिरवा. जॉब सरकतो, बार जागच्या जागी फिरतो. टूलची त्रिज्या बदलत नाही, म्हणून हेडस्टॉक किंवा टेलस्टॉक थोडा तिरका असला तरी बोअर टेपर होत नाही, आणि अक्ष कॅरेजच्या चालीशी समांतर राहतो. रफ बोअर करून जॉब सोडून ठेवा, एक-दोन दिवस तसाच राहू द्या, मग हलक्या हाताने पुन्हा आवळून फिनिश. घट्ट आवळून फिनिश केलेला बोअर क्लॅम्प सोडला की त्रिकोणी होतो. बाहेरची रिंग हाताने, तेल लावून, सरकत आत गेली पाहिजे. ठोकावी लागली तर बोअर लहान, स्वतःच्या वजनाने पडली तर मोठा.

शाफ्टला ईएन-२४ (मिश्र पोलाद), टी कंडिशनमध्ये, म्हणजे २५० ते ३०० बीएचएनच्या (ब्रिनेल कठीणतेच्या) दरम्यान आधीच टफन केलेला. तो साध्या कार्बाइडने टर्न होतो आणि नंतर हीट ट्रीटमेंटला पाठवून वाकवून घ्यायची वेळ येत नाही. तोंड जास्त टिकायला हवं असेल तर शेवटी नायट्रायडिंग (पृष्ठभाग कठीण करणं) करता येतं. भंगारातला ॲक्सल शाफ्ट घेऊ नका. त्याची कातडी हार्ड असते, आत ताण असतात, आणि टर्न करताना साप होतो.

भोक आरपार लागत नाही, ड्रॉबार नाहीच. पुढून ९० मिमी खोल २०.५ चं भोक पुरे, मागचा भाग भरीव राहू द्या. म्हणजे मागे नेहमीचं सेंटर होल आणि पुढे भोकाच्या तोंडाला ६० अंशाचा चॅम्फर, असे दोन सेंटर मिळाले. यांच्यावर धरून दोन्ही सीट, शोल्डरचा चेहरा, लॉकनटचे एम ३५ × १.५ चे आटे आणि तोंडावरचे एम ४० × १.५ चे आटे, सगळं दोन सेंटरमध्ये. चकला हात लावायचा नाही. पुढचा चॅम्फर नंतर टेपर बोअर करताना निघूनच जातो.

सीटवर ०.३ मिमी ठेवून शाफ्ट सिलिंड्रिकल ग्राइंडिंगला द्या. भोसरी, अंबड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जॉबवर्कवाले आहेत. त्यांना एकच गोष्ट लेखी द्या: दोन्ही सीट आणि शोल्डर एकाच सेटिंगमध्ये. पुढची सीट ३५ पेक्षा ५ ते १० मायक्रॉन जास्त, रिंग ८०-९० अंशांपर्यंत तापवून चढवायची. मागची सीट ३५ ला २-३ मायक्रॉन कमी, कारण प्रिलोड देताना ती रिंग नटाने सरकली पाहिजे. सरकली नाही तर नट आवळला जातो, रिंग जागची हलत नाही, आणि तुम्हाला वाटतं प्रिलोड बसला. मधला भाग ३४.९ करा, पुढची रिंग त्यावरून सहज जाईल.

मधल्या स्लीव्हचे दोन चेहरे सरफेस ग्राइंडरवर, २-३ मायक्रॉनच्या आत समांतर. हे काम टाळायचा मोह होतो, कारण स्लीव्ह ही नुसती नळी दिसते. तिचा चेहरा १५ मायक्रॉन तिरका असला तर बाहेरची रिंग तिरकी बसते आणि रोलर फिरताना एका बाजूला जास्त दाबले जातात.

लॉकनटचंही तसंच. बाजारातला साधा नट आणि त्याचा टॅब वॉशर स्पिंडलला पुरेसा नाही, कारण त्याच्या चेहऱ्याचा आट्यांशी काटकोन कोणी बघितलेला नसतो. स्वतः करा: आटे पाडून, जॉब न सोडता, त्याच सेटिंगमध्ये चेहरा फेस करा. मग एका बाजूने चिरून चिमटा बोल्ट द्या, किंवा पितळी तुकडा मध्ये ठेवून तीन ग्रब स्क्रू. तपासणी सोपी. चेहऱ्याला ब्लू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावा, रिंगवर हलका आवळा, सोडा. पूर्ण वर्तुळ उमटलं तर ठीक. अर्धचंद्र उमटला तर तो नट शाफ्टला वाकवतोय.

एवढं झालं की मग येतो तो टप्पा, जो बहुतेक जण आधी उरकून टाकतात: कॉलेटचा टेपर. तो सगळ्यात शेवटी, स्पिंडल स्वतःच्या बेअरिंगमध्ये, प्रिलोड दिलेला, फिरत असताना. आतल्या रिंगेत जो काही रनआउट आहे, सीटमध्ये जी काही चूक राहिली आहे, ती प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी परत येते. त्या फिरण्यातच टेपर कापला तर तो फिरण्याच्या खऱ्या अक्षाभोवती कापला जातो आणि ती चूक टेपरच्या हिशेबातून निघून जाते. म्हणूनच या पद्धतीत पी-५ आणि नॉर्मलमधला फरक तुम्हाला फार जाणवणार नाही. उरते ती रोलरच्या व्यासांतल्या फरकाने येणारी हालचाल, जी फेऱ्यागणिक जागा बदलते. ती चांगल्या कंपनीच्या बेअरिंगमध्ये थोडी असते.

लेथवर असं करा. टेलस्टॉक काढून त्या जागी स्पिंडलची हाउसिंग बेडवर पॅकिंग देऊन आवळा, तोंड कॅरेजकडे. हाउसिंगच्या बाहेरून पपी डायल (मायक्रॉन मोजणारा छोटा डायल गेज) फिरवून ती बेडशी समांतर करा. स्पिंडल त्याच्याच मोटरने, बेल्टने, २००-३०० आरपीएमवर फिरवा. कंपाउंड (टूल पोस्टखालची कोनात फिरणारी स्लाइड) ८ अंशांवर. स्केलवरच्या रेघेवर विश्वास ठेवू नका. बेडशी समांतर असलेल्या टेस्ट बारवर डायल टेकवून कंपाउंड ३० मिमी सरकवा, डायलने ४.१७५ मिमी दाखवायला हवं. ईएन-२४ टी धारदार कार्बाइड बोअरिंग टूलने निघतो. टूलची उंची काटेकोर सेंटरवर हवी, नाहीतर टेपर सरळ न येता पोटात वक्र येतो. नायट्राइड केलेलं तोंड असेल तर कंपाउंडवर डाय ग्राइंडर आणि छोटा माउंटेड पॉइंट. ग्राइंडिंग करताना बेअरिंगचं तोंड ग्रीसने आणि ओल्या फडक्याने बंद करा, बेडही झाका. शेवटी कॉलेटला पातळ ब्लू लावून टेपर तपासा. तोंडाच्या मोठ्या बाजूला संपर्क हवाच, आतल्या टोकाला थोडा कमी असला तरी चालेल.

यातून एक नियम आपोआप निघतो. पुढे कधी बेअरिंग खोलली तर आतल्या रिंगा शाफ्टवर ज्या कोनात होत्या त्याच कोनात परत बसल्या पाहिजेत. आधीच इलेक्ट्रिक पेनने खूण करा. बेअरिंग नवीन घातली तर टेपरवरून पुन्हा एक बारीक पास.

तयार शँकवाला चक वापरणाऱ्यांना ही सोय नसते, त्यांचा टेपर आधीच झालेला असतो. त्यांनी रिंगांचे उंच बिंदू जुळवावेत. अंतर १२० आणि ओव्हरहँग ४०, पुढच्या बेअरिंगचा रनआउट ४ मायक्रॉन आणि मागच्याचा ९ असं समजा. दोन्ही उंच बिंदू एकाच बाजूला ठेवले तर नाकाशी २.३ मायक्रॉन, समोरासमोर ठेवले तर ८.३. बेअरिंग तीच, फक्त बसवण्याचा कोन वेगळा. आणि चांगलं बेअरिंग कायम पुढे.

प्रिलोड. १.५ पिचच्या नटाला एक अंश म्हणजे चार मायक्रॉन. आधी नट हाताने आवळत स्पिंडल दोन्ही दिशांना फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. डायल नाकावर टेकवून स्पिंडल पुढे-मागे ढकला. एंड प्ले शून्य झाला तिथे खूण करा. तिथून पुढे तीन ते पाच अंश, म्हणजे साधारण १२ ते २० मायक्रॉन. याहून जास्त नको. हाताने फिरवताना स्पिंडल तेलात फिरल्यासारखा जड पण एकसारखा लागला पाहिजे. कुठे गाठ लागली तर रिंगखाली कचरा आहे किंवा रोलरवर ओरखडा.

ग्रीस कमी घाला. आतल्या मोकळ्या जागेच्या पाव ते तिसरा हिस्सा. साधं लिथियम ग्रीस ३००० ला चालतं. स्पिंडलचं खास ग्रीस मिळालं तर बरं. पुढे रबरी सीलपेक्षा दोन-तीन खाचांची लॅबिरिंथ (न टेकणारं, वळणावळणाच्या फटीचं सील) बरी, फटीत ०.२ मिमी. चिप्स आणि कूलंट बाहेर राहतं आणि ती तापत नाही.

रनिंग-इन ५०० आरपीएमपासून. प्रत्येक टप्प्यावर तापमान स्थिर होईपर्यंत थांबा, मग पुढचे ५००. हाउसिंग खोलीपेक्षा १५ ते २५ अंश जास्त तापली तर ठीक. ६० च्या वर चाललीय आणि थांबत नाही, असं दिसलं तर बंद करा, थंड होऊ द्या, नट एक अंश सैल करा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं वाचतो, काळी टेप चिकटवून तिच्यावर मारा.

मोटरकडे वळू. मोटरच्या डब्यात सहा तारा बाहेर आल्यात का बघा. लहान मोटरी बहुधा ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये जोडलेल्या असतात. सिंगल-फेजच्या व्हीएफडीतून २३० व्होल्टच मिळतात, म्हणून डेल्टा करावा लागतो. तीनच तारा असतील तर वाइंडरकडून आतला स्टार पॉइंट उघडून घ्या. अर्थिंग न विसरता. पुली दोन पायऱ्यांची: एक निम्म्यावर उतरवणारी, म्हणजे ५० हर्ट्झला ७२०, दुसरी १.६ पट चढवणारी, ५० हर्ट्झला २३०० आणि ८५ हर्ट्झला ३९०० च्या आसपास. ५० हर्ट्झच्या वर टॉर्क उतरत जातो, तिथे बारीक कटरच चालवा. बेल्ट पॉली-व्ही, फार ताणू नका.

आणि एक गोष्ट ड्रॉइंगमध्ये आत्ताच टाका, नंतर जागा मिळत नाही: नाकावर पान्यासाठी दोन चपटे भाग. ईआर-३२ चा नट कंपन्या १३५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायला सांगतात. तेवढा जोर देताना स्पिंडल बेल्टने किंवा खिळा घालून धरायचा नसतो.

मोजणी करताना आधी टेपरच्या आत पपी डायल लावा. ५ मायक्रॉन आले तर खूश व्हा, १० पर्यंत स्वीकारा. मग १० मिमीची ग्राउंड डॉवेल पिन कॉलेटमध्ये धरून ४० मिमी पुढे मोजा. इथे २० आले तर घाबरू नका, कॉलेट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. उंच बिंदू कॉलेटबरोबर सरकला तर दोष कॉलेटचा, जागच्या जागी राहिला तर स्पिंडलचा. २० मायक्रॉन म्हणजे किती हे कळावं म्हणून: दोन फ्लूटच्या कटरला दर दाती ०.०३ फीड दिलं तर एक दात ०.०५ कापतो आणि दुसरा ०.०१. ६ मिमीचे कार्बाइड कटर का तुटतात, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

हे सगळं जमूनही चॅटर (कापताना होणारी थरथर) आला तर स्पिंडल लगेच खोलू नका. स्पिंडलच्या नाकाला स्प्रिंग काटा अडकवून २० किलोने आडवं ओढा. एक डायल टेबलवर ठेवून नाकावर, दुसरा हाउसिंगवर ठेवून नाकावर. पहिला ४० मायक्रॉन दाखवतोय आणि दुसरा ३, तर हलतोय तो कॉलम किंवा हेडचा जोड, आणि तुमच्या फोटोत हेड चार एम-८ बोल्टवर लटकलेलं दिसतंय त्यावरून मला तीच शंका आहे. शाफ्टचं सामान आणण्याआधी, हेडच्या जागी एखादा जड ठोकळा बांधून कॉलमपुरती ही ओढ घेऊन बघा आणि आकडे कळवा. त्यावरून हाउसिंगची बाहेरची मापं आणि बोल्टांची जागा ठरवू.